'आपला माणूस' राष्ट्रपती झाला तेव्हा

गेल्या रमजानमध्ये आमच्या मोहल्ल्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक संदेश फिरत होता. अमेरिका खंडातले पहिले मुस्लिम राष्ट्रप्रमुख कोण, असा प्रश्न आणि खाली उत्तर: नूर हसनअली, त्रिनिदाद. सोबत 'माशाअल्लाह', हिरवे झेंडे, हात जोडलेले. दोन दिवसांनी माझ्या जुन्या शाळकरी मित्रांच्या ग्रुपवर दुसरा संदेश आला. तोही त्रिनिदादचाच. मूठभर मुसलमानांनी एका शांत बेटावर संसदच ओलीस धरली, हे लोक कुठेही गेले तरी असेच, वगैरे. खाली रागावलेले चेहरे.

दोन्ही संदेश पाठवणाऱ्यांना त्रिनिदाद नकाशावर दाखवता आले नसते. मलाही आधी शोधावे लागले. पण गंमत अशी की दोन्ही संदेशांतली मूळ माहिती खरी होती, आणि दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या कारकिर्दीत घडलेल्या होत्या. ज्या वर्षी ती संसद ओलीस धरली गेली, त्या वर्षी त्या देशाचा राष्ट्रपती मुसलमान होता. एका ग्रुपने अर्धी गोष्ट छातीला लावली, दुसऱ्याने उरलेली अर्धी तोंडावर फेकली. पूर्ण गोष्ट कोणीच सांगितली नाही. ती सांगावी म्हणून हा लेख.

त्रिनिदाद आणि टोबॅगो हा दोन बेटांचा देश. क्षेत्रफळ ५,१२८ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या रत्नागिरी जिल्ह्यापेक्षाही लहान. लोकसंख्या तेरा-चौदा लाख. त्यात भारतीय वंशाचे आणि आफ्रिकी वंशाचे लोक जवळजवळ सारखे, दोन्ही साधारण एक तृतीयांशाच्या वर. मुसलमान पाच-सहा टक्के. म्हणजे शंभरात पाच-सहा मुसलमान असलेल्या देशाने एका मुसलमानाला राष्ट्रपती केले आणि दहा वर्षे ठेवले.

हे भारतीय तिथे पोचले कसे, हे थोडक्यात सांगावे लागेल. ब्रिटिश साम्राज्यात १८३४ मध्ये गुलामगिरी कायद्याने संपली. उसाचे मळे मात्र संपले नव्हते. मळेवाल्यांना स्वस्त हात हवे होते. ते हात भारतातून आणले गेले, पाच वर्षांच्या करारावर, आणि आणणाऱ्यांनी त्याला मजुरी म्हटले. ३० मे १८४५ रोजी 'फतेल रझाक' नावाचे जहाज पोर्ट ऑफ स्पेनला लागले. त्यातून सव्वादोनशेच्या आसपास माणसे उतरली. पुढच्या बहात्तर वर्षांत सुमारे एक लाख चव्वेचाळीस हजार भारतीय त्या बेटावर नेले गेले. बहुतेक जण कलकत्त्याच्या बंदरातून, आजच्या उत्तर प्रदेश-बिहारकडचे. बहुसंख्य हिंदू, काही मुसलमान. करार मोडला, कामाला गेला नाही, परवान्याशिवाय मळा सोडला, तर दंड नाही तर तुरुंग.

ही पद्धत बंद व्हावी म्हणून कायदेमंडळात आवाज उठवणाऱ्यांत आपले गोपाळ कृष्ण गोखले होते. मार्च १९१२ मध्ये त्यांनी ही करारबद्ध मजुरी पूर्ण रद्द करण्याचा ठराव मांडला. सरकारी मतांच्या जोरावर तो पडला. पण वारे फिरले होते. १९१७ मध्ये भरती थांबली. त्यानंतरच्या वर्षी, १३ ऑगस्ट १९१८ रोजी, सॅन फर्नांडोजवळच्या कोरिंथ गावात नूर मोहम्मद हसनअली यांचा जन्म झाला. सात भावंडांतले ते सहावे.

सॅन फर्नांडो हे नाव तिथले मुसलमान आणखी एका कारणाने विसरत नाहीत. मोहरमच्या मिरवणुकीला तिथे 'होसे' म्हणतात. 'या हुसेन, या हुसेन' या हाकेवरून. ताजिये निघायचे, त्यांच्यामागे हिंदू मजूर आणि आफ्रिकी वंशाचे लोकही चालायचे. आपल्याकडे कोकणात आणि घाटावर मोहरममध्ये हिंदू सहभागी होतात, तसेच. १८८४ मध्ये वसाहती सरकारने या मिरवणुकीला शहरात यायला बंदी केली. लोक तरीही निघाले. ३० ऑक्टोबरला सॅन फर्नांडोच्या वेशीवर पोलिसांनी गोळीबार केला. डझनाहून अधिक माणसे मेली, शंभराच्या आसपास जखमी झाली. मेलेल्यांत हिंदूही होते.

त्या गोळीबारानंतर चौतीस वर्षांनी त्याच परिसरात हा मुलगा जन्मला. त्याच्या लहानपणी काझीने लावलेल्या निकाहाला त्या बेटावर कायद्याची मान्यता नव्हती. सरकारदरबारी वेगळी नोंद केली नसेल, तर अशा लग्नातून झालेली मुले कायद्याच्या लेखी अनौरस. वडिलांच्या जमिनीवर हक्क सांगायचा तर अडचण. मुस्लिम विवाहांना कायदेशीर स्थान मिळाले ते १९३० च्या दशकात, हिंदू विवाहांना त्याच्याही नंतर, चाळीसच्या दशकात. ज्या राज्याने आपल्या समाजाचे निकाहसुद्धा मानले नाहीत, त्याच राज्याचा सर्वोच्च प्रमुख पुढे या मुलाला व्हायचे होते. हे तेव्हा कोणी सांगितले असते तर लोकांनी हसून सोडून दिले असते.

शिक्षण नापारिमा कॉलेजात झाले. ही शाळा कॅनडातून आलेल्या प्रेस्बिटेरियन मिशनऱ्यांची. भारतीय मजुरांच्या मुलांना शिकवण्याचे मोठे काम या मिशनने केले आणि त्याबरोबर धर्मांतरेही झाली. शाळा हवी, पण आपला दीनही हवा, अशा कात्रीत अनेक घरे होती. हसनअली तिथे शिकले, तिथेच काही काळ शिक्षक झाले, आणि मुसलमानच राहिले. १९४३ मध्ये ते टोरोंटो विद्यापीठात गेले. मग लंडनच्या ग्रेज इनमधून १९४८ मध्ये बॅरिस्टर होऊन परतले. पाचएक वर्षे वकिली केली. १९५३ मध्ये मॅजिस्ट्रेट झाले. पुढे सरकारी वकील, असिस्टंट सॉलिसिटर जनरल, १९६६ मध्ये उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती, १९७८ मध्ये अपील न्यायालयाचे न्यायमूर्ती. १९८५ मध्ये निवृत्त.

ही यादी मुद्दाम दिली. आपल्या चर्चेत 'आपला माणूस वर गेला' म्हणजे एका रात्रीत गेला, कोणीतरी कोटा म्हणून बसवला, असे गृहीत असते. दोन्ही बाजूंना. आपल्यातले म्हणतात, समाजाचा दबाव होता म्हणून दिले. समोरचे म्हणतात, लांगूलचालन. इथे बत्तीस वर्षांची सरकारी आणि न्यायालयीन नोकरी आहे. रोज सकाळी न्यायालयात जाऊन समोर आलेल्या माणसाचा निकाल लावायचा, तो कुठल्या वंशाचा, कुठल्या धर्माचा हे न बघता. ज्या देशात भारतीय आणि आफ्रिकी वंशाचे लोक एकमेकांकडे संशयाने बघत होते, तिथे बत्तीस वर्षे हे काम करून माणसाचे नाव खराब होत नाही, ही मोठी कमाई असते. निवडणूक त्यांनी कधीच लढवली नाही.

त्यांना राजकारणात आणले ते १९८६ च्या सत्ताबदलाने. १९५६ पासून तीस वर्षे तिथे पीपल्स नॅशनल मूव्हमेंट, म्हणजे एरिक विल्यम्स यांच्या पक्षाचे राज्य होते. मुख्यतः आफ्रिकी वंशाच्या मतदारांवर उभा असलेला पक्ष. डिसेंबर १९८६ मध्ये अनेक पक्ष एकत्र येऊन बनलेल्या नॅशनल अलायन्स फॉर रीकन्स्ट्रक्शनने ३६ पैकी ३३ जागा जिंकल्या. टोबॅगोचे ए. एन. आर. रॉबिन्सन पंतप्रधान झाले. ऊस कामगारांचे नेते बासदेव पांडे त्यांच्यासोबत होते. वंशांच्या पलीकडे जाण्याची भाषा होती, आणि लोकांनी ती मनावर घेतली होती. या सरकारच्या काळात, मार्च १९८७ मध्ये, हसनअली राष्ट्रपती झाले. भारतीय वंशाचा पहिला राष्ट्रपती.

तिथले राष्ट्रपतिपद बरेचसे आपल्यासारखेच. संसदेची दोन्ही सभागृहे मिळून गुप्त मतदानाने निवडतात, मुदत पाच वर्षे. कारभार पंतप्रधानांचा. पण दोन कामे राष्ट्रपतींच्या स्वतःच्या विवेकावर असतात. एक, ३१ जणांच्या सिनेटमध्ये नऊ स्वतंत्र सदस्य नेमणे. दुसरे, निवडणुकीनंतर कोणाला पंतप्रधान करायचे ते ठरवणे. निकाल स्पष्ट असेल तेव्हा हे दुसरे काम औपचारिक असते. नसेल तेव्हा सगळा देश एका सहीकडे बघत असतो.

त्यांच्या काळातली एक गोष्ट तिथे अजून सांगतात. राष्ट्रपती भवनात त्या दहा वर्षांत मद्य दिले गेले नाही. त्रिनिदाद म्हणजे रमचा देश, कार्निव्हलचा देश. परदेशी राजदूत, उद्योगपती, सगळ्यांच्या मेजवान्या सरबतावर. मला यात महत्त्वाचे काय वाटते ते सांगतो. त्यांनी देशात दारूबंदीची भाषा केली नाही. कार्निव्हल पाप आहे, असे राष्ट्रपतीच्या खुर्चीवरून सांगितले नाही. माझ्या घरी येणाऱ्याला मी जे स्वतः पीत नाही ते वाढणार नाही, एवढेच. लोकांनी ते समजून घेतले.

आपल्याकडे मुसलमान माणूस सार्वजनिक जीवनात गेला की त्याला दोन परीक्षा द्याव्या लागतात. बाहेरच्यांची परीक्षा अशी: तू आमच्यासारखा आहेस ना, मग ग्लास उचल, टिळा लाव, रोज्याचे नाव काढू नकोस. 'राष्ट्रीय मुसलमान' हा शब्दच बघा. बाकीचे जन्मतः राष्ट्रीय, मुसलमानाला मात्र विशेषण लावून घ्यावे लागते. आतल्यांची परीक्षा दुसरी: तू आमचा आहेस ना, मग आमच्या मशिदीची फाइल पुढे सरकव, आमच्या मुलाला नोकरीला लाव, आणि आमच्या लोकांची चूक झाली तर तोंड बंद ठेव. बहुतेक माणसे यातल्या एका परीक्षेत पास व्हायला जातात आणि दुसरीत नापास होतात. हसनअलींनी दोन्ही पेपर दिलेच नाहीत, असे मला त्यांची कारकीर्द वाचताना वाटले. स्वतःच्या घरात ते पूर्ण मुसलमान होते. कार्यालयात सगळ्यांचे राष्ट्रपती.

मग २७ जुलै १९९० उजाडला. वार शुक्रवार. देशाची अवस्था वाईट होती. तेलाचे भाव कोसळलेले, नव्या सरकारने सरकारी नोकरांच्या पगारात दहा टक्के कपात केलेली, नवे कर, बेकारी. १९८६ ची आघाडीही फुटली होती, पांडे बाहेर पडले होते. अशा वातावरणात जमात अल मुस्लिमीन या संघटनेच्या शंभरावर हत्यारबंद लोकांपैकी काही जण संध्याकाळी 'रेड हाऊस'मध्ये, म्हणजे संसदेत घुसले. दुसऱ्या तुकडीने दूरदर्शन केंद्र ताब्यात घेतले. त्यांचे नेते यासीन अबू बकर, पूर्वीचे पोलीस. सरकार पाडले आहे, असे त्यांनी पडद्यावरून जाहीर केले. पंतप्रधान रॉबिन्सन आणि अनेक खासदार ओलीस. रॉबिन्सन यांना लष्कराला माघारीचा हुकूम द्यायला सांगण्यात आले, तेव्हा त्यांनी उलट पूर्ण ताकदीने हल्ला करा असे सांगितले. त्यांच्या पायात गोळी घातली गेली. राजधानीत पोलीस मुख्यालय जळाले, दुकाने लुटली गेली. सहा दिवसांनी, १ ऑगस्टला, हल्लेखोर शरण आले. चोवीसच्या आसपास माणसे मेली. त्यांत एक खासदारही होता.

राष्ट्रपती त्या वेळी परदेशात होते. त्यांच्या जागी सिनेटचे अध्यक्ष इमॅन्युएल कार्टर हंगामी राष्ट्रपती म्हणून काम बघत होते. ओलिसांचे प्राण वाचावेत म्हणून हल्लेखोरांना माफी देणाऱ्या कागदावर कार्टर यांची सही आहे. या माफीवरून नंतर वर्षानुवर्षे खटला चालला. १९९२ मध्ये न्यायालयाने आरोपींना सोडले. १९९४ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने सांगितले की माफी वैध नव्हती, कारण तिच्यातल्या अटी पाळल्या गेल्या नाहीत, पण एकदा सोडलेल्यांवर पुन्हा खटला चालवणे न्यायाला धरून होणार नाही. म्हणजे संसदेवर बंदुका रोखणारे शिक्षेविना सुटले. ज्यांची माणसे मेली त्यांना हा निकाल कसा वाटला असेल, याचा विचार आपण मुसलमानांनीही केला पाहिजे. 'ते आफ्रिकी वंशाचे नवमुस्लिम होते, भारतीय मुसलमान नव्हते' असे सांगून हात झटकणारे मला भेटले आहेत. ही पळवाट आहे. अल्लाहचे नाव घेऊन त्यांनी बंदूक उचलली, तेव्हा त्या नावाचा वापर चूक होता, हे सांगणे आपले काम आहे. त्यांच्या रंगाकडे बोट दाखवणे नाही.

आता माझ्या लेखाचा मुख्य मुद्दा. डिसेंबर १९९१ मध्ये त्रिनिदादमध्ये निवडणूक झाली. रॉबिन्सन यांचे सरकार गेले, जुना पक्ष पॅट्रिक मॅनिंग यांच्या नेतृत्वाखाली परत आला. मार्च १९९२ मध्ये हसनअलींची पहिली मुदत संपणार होती. ज्या सभागृहात वीस महिन्यांपूर्वी इस्लामचे नाव घेणाऱ्या लोकांनी खासदारांना जमिनीवर पालथे झोपवले होते, त्या सभागृहाचा नवा राष्ट्रपती निवडायचा होता. ज्या पक्षाने हसनअलींना आणलेही नव्हते, त्याचे बहुमत होते. नवा माणूस आणणे सोपे होते. 'वातावरण बघता' असे दोन शब्द बोलले असते तरी कोणी काही म्हटले नसते. त्या संसदेने हसनअलींना दुसऱ्यांदा निवडले.

व्हॉट्सॲपवरच्या दोन्ही संदेशांत ही ओळ नाही. पहिल्यात नाही, कारण तिथे १९९० ची आठवण काढायची नसते. दुसऱ्यात नाही, कारण त्या ओळीने सगळा संदेशच निकालात निघतो. गुन्हा करणारा मुसलमान आणि राष्ट्रपतिपदावरचा मुसलमान ही दोन वेगळी माणसे आहेत, एवढी साधी गोष्ट त्या छोट्या देशाने ऐन जखम ओली असताना ओळखली. आपल्याकडे कुठे स्फोट झाला की दुसऱ्या दिवशी आमच्या पोरांना घरभाडे मिळत नाही. म्हणून मला ही ओळ महत्त्वाची वाटते.

पण हेही खरे की ही ओळख फुकट मिळाली नव्हती. पाच वर्षे लोकांनी त्या माणसाला पाहिले होते, आणि त्याआधी बत्तीस वर्षे न्यायालयात. कोणत्याही देशात, फक्त 'सगळे मुसलमान तसे नसतात' असे म्हणून भागत नाही. कसे असतात हे दिसलेले असावे लागते. दिसण्यासाठी आपली माणसे न्यायालयात, शाळेत, तहसील कचेरीत, इस्पितळात असावी लागतात. आपण मोहल्ल्यात बसून एकमेकांना झेंडे पाठवत राहिलो तर दिसणार कोणाला? आणि ज्यांना आपल्याला आत येऊ द्यायचेच नाही, त्यांचाही या प्रश्नात वाटा आहे. दार बंद ठेवायचे आणि मग हे लोक बाहेरच का उभे असतात असे विचारायचे, हेही चालू आहेच.

खरी कसोटी नोव्हेंबर १९९५ मध्ये लागली. निकाल लागला: मॅनिंग यांच्या पक्षाला १७, पांडे यांच्या युनायटेड नॅशनल काँग्रेसला १७, रॉबिन्सन यांच्या पक्षाला टोबॅगोतल्या २. देशाच्या इतिहासात भारतीय वंशाचा पंतप्रधान कधी झाला नव्हता. आणि राष्ट्रपती स्वतः भारतीय वंशाचा. काहीही केले तरी एक अर्धा देश बोट दाखवणार, अशी ही वेळ. रॉबिन्सन यांनी पांडे यांना पाठिंबा दिला. १९ विरुद्ध १७. निकालानंतर तीनच दिवसांनी, ९ नोव्हेंबरला, हसनअलींनी बासदेव पांडे यांना पंतप्रधानपदाची शपथ दिली. मॅनिंग विरोधी बाकावर गेले. गणित उघड होते, आणि राष्ट्रपतींनी गणितापलीकडे काही केले नाही.

याची किंमत कळायला सहा वर्षे जावी लागली. १९९७ मध्ये हसनअली निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी रॉबिन्सन राष्ट्रपती झाले. डिसेंबर २००१ च्या निवडणुकीत पुन्हा बरोबरी झाली, या वेळी १८-१८. पांडे पदावर होते. दोन्ही नेत्यांनी आधी निर्णय राष्ट्रपतींवर सोपवला होता. रॉबिन्सन यांनी मॅनिंग यांना नेमले आणि त्यासाठी राज्यघटनेच्या प्रास्ताविकेतल्या नैतिक आणि आध्यात्मिक मूल्यांचा आधार दिला. पांडे यांनी निर्णय मानला नाही. संसदेला सभापतीसुद्धा निवडता येईना, आणि वर्ष संपायच्या आत पुन्हा निवडणूक घ्यावी लागली. रॉबिन्सन हे साधे माणूस नव्हते. १९९० मध्ये कपाळावर बंदूक असताना ते झुकले नव्हते. त्यांच्या हेतूवर मी शंका घेत नाही. शिवाय १९९५ मध्ये तिसरा पक्ष होता, २००१ मध्ये नव्हता, त्यामुळे त्यांचे काम अवघडच होते. पण राष्ट्रपतीने आपली नैतिकता तराजूत टाकली की हरलेल्या बाजूला तो पंच वाटत नाही, खेळाडू वाटतो. हे दोन प्रसंग शेजारी ठेवले की न्यायाधीशाची सवय काय असते ते कळते.

एवढे कौतुक केल्यावर थांबलो तर मीही झेंडेवाल्यांपैकीच एक झालो. म्हणून दुसरी बाजू. दहा वर्षे मुसलमान राष्ट्रपती असताना तिथल्या मुसलमानांचे काय बदलले? प्रामाणिक उत्तर असे की त्यांच्यामुळे फारसे काही नाही. ते पद त्यासाठी नव्हतेच.

एक उदाहरण घ्या. त्या देशाचा सर्वोच्च सन्मान होता 'ट्रिनिटी क्रॉस'. नावातच ख्रिस्ती त्रैक्य आणि क्रूस. अनेक हिंदू-मुसलमानांना तो स्वीकारणे जड जायचे. हे सन्मान राष्ट्रपतींच्या हातून दिले जातात. म्हणजे दहा वर्षे एका मुसलमान राष्ट्रपतीच्या काळातही सन्मानाचे नाव तेच राहिले. ते बदलले कशाने? एक हिंदू आणि एक मुस्लिम संस्था मिळून न्यायालयात गेल्या. मे २००६ मध्ये उच्च न्यायालयाने हे नाव भेदभाव करणारे असल्याचा निकाल दिला. २००८ मध्ये नवा सन्मान आला, 'ऑर्डर ऑफ द रिपब्लिक ऑफ त्रिनिदाद अँड टोबॅगो'. होसेच्या मिरवणुकीत एकत्र गोळ्या खाल्लेल्यांच्या वारसांनी १२२ वर्षांनी एकत्र खटला जिंकला, असे मी त्याकडे बघतो.

दुसरे उदाहरण आपल्याच घरातले, म्हणून जास्त बोचणारे. तीसच्या दशकात ज्या कायद्याने निकाहाला मान्यता मिळाली, त्याच मुस्लिम विवाह कायद्यात मुलीचे लग्नाचे किमान वय बारा होते. बारा. हे वय त्या कायद्यात २०१७ पर्यंत राहिले. हिंदू कायद्यात चौदा होते. महिला संघटनांनी वर्षानुवर्षे मागणी लावून धरली, काही धार्मिक संघटनांनी विरोध केला, आणि शेवटी संसदेने सगळ्यांसाठी अठरा वर्षे केले. ओळख म्हणून लढून मिळवलेला कायदा पुढे आपल्याच मुलींच्या गळ्याशी येऊ शकतो. तो बदलण्याचे काम वर बसलेला 'आपला माणूस' करत नाही. ते घरातल्यांनाच करावे लागते, आणि बहुधा बायकांनाच सुरुवात करावी लागते.

नूर हसनअली २५ ऑगस्ट २००६ रोजी वारले. आज शेजारच्या गयानामध्ये इरफान अली २०२० पासून राष्ट्रपती आहेत. त्यांचे पद मात्र खऱ्या सत्तेचे, पक्षाचे आणि निवडणुकीचे. त्यांचा हिशेब वेगळ्या मापाने करावा लागेल. तेलाच्या पैशाचे काय केले, विरोधकांशी कसे वागले, या मापाने. ते मुसलमान आहेत म्हणून तो हिशेब सोडायचा नाही, आणि मुसलमान आहेत म्हणून कडकही करायचा नाही.

मी हे सगळे वाचून झाल्यावर मोहल्ल्याच्या ग्रुपवर थोडक्यात लिहिले. १९९० चेही लिहिले, बारा वर्षांच्या वयाचेही लिहिले. एका ज्येष्ठांनी विचारले, "बेटा, चांगली बातमी होती, त्यात हे कशाला घातलेस?" मग तेच मी शाळकरी मित्रांच्या ग्रुपवर पाठवले, १९९२ च्या फेरनिवडीसह. तिथे कोणी काहीच बोलले नाही. रात्री उशिरा एका मित्राचा वेगळा, खासगी संदेश आला. त्याने एवढेच विचारले होते की वीस महिन्यांनी त्याच संसदेने खरेच त्यांना पुन्हा निवडले का.

मी उत्तर दिले, हो. बाकीचे भेटल्यावर बोलू म्हटले. अजून भेट झालेली नाही, पण त्याने विचारले याचे मला बरे वाटले.